मोजणं वेगळं, माग काढणं वेगळं



आज बोलायचं आहे ते शहर आणि आपल्या खिशातला फोन यांच्याबद्दल. स्मार्ट शहरात आपण कुठं आहोत, कुठून कुठं गेलो, किती वेळ थांबलो याची नोंद होत असते. ती कोण ठेवतं, कशासाठी ठेवतं, किती दिवस ठेवतं आणि नको असेल तर थांबवता येते का, हा आजचा विषय. तो बहुतेक वेळा चीन-अमेरिकेची उदाहरणं देऊन मांडला जातो. आम्ही तो नाशिकवरून मांडणार आहोत, कारण यातले बरेचसे प्रयोग आपल्या गोदाकाठी होऊन गेलेत आणि पुढचा मोठा प्रयोग २०२७ च्या सिंहस्थात होणार आहे.

आधी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते आदरार्थी नाही. काही जण मिळून हा विषय वाचतो, त्यावर आपसांत भांडतो, आणि जे हाती लागलं ते एकाच्या तोंडून सांगतो.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. गर्दी मोजणं ही एक गोष्ट आणि माणसाचा माग काढणं ही दुसरी. पहिलीची शहराला खरोखर गरज असते. दुसरीची गरज क्वचित असते, आणि तीही ठरावीक माणसासाठी, ठरावीक वेळेपुरती. पण योजना जाहीर होताना, निविदा निघताना, भाषणं होताना या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात आणि पोत्यावर चिठ्ठी लागते 'सुरक्षा'. मग आपल्याला विचारतात, सुरक्षा हवी का खाजगीपण? हा प्रश्नच चुकीचा आहे, हे आज दाखवायचं आहे.

सरदार चौकातला धडा

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातलं शाही स्नान. सरदार चौकाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. मिरवणुकीतून नाणी उधळली गेली, कठडे तुटले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. कारणांची चर्चा पुढं पुष्कळ झाली. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की माणसं मेली ती गावात लाखो लोक आले म्हणून नव्हे, तर एका उतारावर, थोड्या जागेत, थोड्या मिनिटांत फार लोक एकवटले म्हणून.

गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी यासाठी एक हिशोब मांडला आहे. एका चौरस मीटरमध्ये सात माणसं झाली, की गर्दी माणसांसारखी वागत नाही, ती पाण्यासारखी वाहायला लागते. चौरस मीटर म्हणजे दारापुढच्या मध्यम रांगोळीची जागा. तेवढ्यात सात जण उभे राहिले की कुणाचंच पाऊल त्याच्या ताब्यात राहत नाही. तेव्हा जीव वाचवायचे असतील तर व्यवस्थेला कळायला हवं ते हे : या गल्लीच्या तोंडाशी आत्ता दाटी किती आहे आणि ती वाढतेय का कमी होतेय. त्या सात माणसांची नावं काय, ती काल कुठं होती, याचा या कामाला काडीचा उपयोग नाही.

आता २०१५. पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला झालं. २००३ ची आठवण ताजी होती, त्यामुळे बंदोबस्त एवढा कडक ठेवला की भाविकांना लांबलांबून पायपीट करावी लागली, जागोजागी कठडे होते, आणि गर्दी अपेक्षेहून कितीतरी कमी झाली. टीका झाली आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाला नियोजन सैल केलं गेलं. पोलिसांना दोष देणं सोपं आहे. पण कुठं किती माणसं आहेत याचा त्या क्षणाचा आकडा हातात नसेल, तर व्यवस्था घाबरून सगळीकडेच कठडे लावणार. मोजणं नसेल तर अंदाज उरतो, आणि घाबरलेल्या व्यवस्थेचा अंदाज नेहमी माणसाच्या पायांवर येतो. म्हणून मोजण्याला आमचा विरोध नाही. उलट मोजायलाच हवं.

चटई आणि टॉवर

याच २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन भरला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं हे काम सुरू झालं. गावातली मुलं, इंजिनिअर, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसले आणि मेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधू लागले. त्यातून 'आशियोतो' नावाची एक चटई तयार झाली. निलय कुलकर्णी हा त्यातला शाळकरी वयाचा मुलगा. त्यानं पुढं टेडच्या मंचावर याबद्दल भाषणही दिलं. चटईत दाब ओळखणारे सेन्सर. माणूस त्यावरून चालत गेला की पावलं मोजली जातात, आणि या वाटेनं दर मिनिटाला किती लोक गेले हा आकडा पुढं जातो. बस्स.

या चटईला काय कळत नाही ते बघा. पाय कुणाचा ते कळत नाही. जात, गाव, आधार क्रमांक, फोन नंबर, काही नाही. आखाड्याचे महंत आणि सटाण्याहून आलेली आजी, दोघांचं पाऊल तिला सारखंच. समजा उद्या कुणी चटईची सगळी नोंद चोरून नेली, तर त्याच्या हाती काय लागेल? आकडे. पोलिसाला हवं ते सगळं त्यात आहे आणि चोराला हवं ते काहीच नाही. आम्हाला ही चटई त्या सिंहस्थातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते, आणि तिचं शहाणपण ती काय जाणून घेत नाही यात आहे.

दुसरी पद्धत फोनची. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरशी सतत बोलत असतो, त्याशिवाय तुम्हाला फोनच येणार नाही. त्यामुळे कोणता फोन कधी कोणत्या टॉवरखाली होता, ही नोंद कंपनीकडे आपोआप साठते. २०१३ च्या प्रयागच्या कुंभातल्या अशा नोंदींवर हार्वर्डच्या संशोधकांनी अभ्यास केला होता. कॉल आणि मेसेज मिळून सुमारे ३९ कोटी नोंदी. लोक आपापल्या राज्याच्या लोकांशी कसे जोडलेले राहतात, कोणत्या दिवशी किती जण येतात, असं बरंच त्यातून दिसलं. अभ्यास म्हणून उत्तम.

पण चेंगराचेंगरी टाळायला टॉवर किती उपयोगी? शहरात एका टॉवरचा टापू काहीशे मीटरचा, गावाकडे तर काही किलोमीटरचा. पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या आसपास एवढे हजार फोन आहेत हे तो सांगेल. त्यातले किती त्या वीस फुटी उतारावर अडकलेत हे तो सांगू शकत नाही. शिवाय खरी गर्दी झाली की नेटवर्कच जॅम होतं, हे मेळ्याला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. टॉवरचा उपयोग आहे तो लांबच्या अंदाजाला : घोटीकडून, सिन्नरकडून, पेठ रस्त्यानं दोन-तीन तासांत किती लोक येऊन धडकतील हे समजायला. त्यालाही बेरीज पुरते, नाव लागत नाही.

इथं कुणी म्हणेल, नावं काढून टाकली की झालं ना? नाही होत. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्सांद्र द माँजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका देशातल्या पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. नावं, नंबर काढलेले. तरी एखादा माणूस कोणत्या वेळी कुठं होता हे फक्त चार प्रसंगांपुरतं माहीत असलं, तर १०० पैकी ९५ जणांची नोंद नेमकी वेगळी काढता येते असं त्यांना दिसलं. स्वतःवर लावून बघा. सकाळी सिडकोतून निघालात, दहाला सातपूरच्या कारखान्यात, संध्याकाळी कॉलेज रोडला क्लासपाशी मुलीला घ्यायला, गुरुवारी दिंडोरीला. अशी माणसं नाशिकमध्ये किती असतील? एकच. तुमचा रोजचा रस्ता हीच तुमची सही आहे.

म्हणून बेरीज करायची ती आधी करायची आणि मूळ नोंद ठेवायचीच नाही. टोरंटोत गूगलच्या भावंड कंपनीनं समुद्रासारख्या सरोवराच्या काठी नवं स्मार्ट शहर उभारायचं ठरवलं होतं. त्यांच्या सल्लागार अॅन कव्हूकियन यांचा आग्रह हाच होता, की ओळख सेन्सरपाशीच पुसा, पुढं जाऊच देऊ नका. प्रकल्पात येणाऱ्या सगळ्यांनाच हे बंधन घालू अशी हमी मिळेना, तेव्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या चटईला ही अट घालावीच लागली नाही, ती तिच्या घडणीतच होती.

आणि कॅमेरे? २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारनं सुरुवातीला दिलेला मृतांचा आकडा ३० होता. त्या मेळ्यात अडीच हजारांहून जास्त कॅमेरे होते, त्यातले काही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे. म्हणजे बघणारे डोळे कमी नव्हते. पण दिसणं आणि योग्य वेळी योग्य कठडा उघडणं यात जे अंतर असतं, ते आणखी कॅमेरे लावून भरत नाही. तिथं आकडा बघून निर्णय घ्यायचा अधिकार असलेला माणूस जागेवर लागतो.

हरवलेली आजी

माग काढण्याची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर ही टीका एकतर्फी होईल. मेळ्यात माणसं हरवतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, भाषा न येणारी माणसं. हरवले-सापडले कक्षातून रात्रभर नावं पुकारली जातात. अशा वेळी आजीच्या हातातल्या पट्ट्यावरून ती कुठं आहे हे कळलं तर कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. उलट बरंच झालं.

मात्र तो पट्टा आजीनं किंवा तिच्या घरच्यांनी मागून घेतलेला असावा. तो तिच्या माणसांना दिसावा. आणि ती गावी परतली की नोंद संपावी. मागितलेला माग आणि लादलेला माग यांत हा फरक आहे. सगळ्या भाविकांना पट्टे बांधायचे आणि 'तुमच्याच काळजीपोटी' म्हणायचं, यात आजी फक्त निमित्ताला धरलेली असते.

२०२० : नाशिकमधून निघालेले दोन रस्ते

आता कोविड. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाईनच्या लोकांच्या हातावर शिक्के मारले जात होते. त्याच सुमारास 'महाकवच' हे अॅप आलं आणि त्याची सुरुवात नाशिकमधून झाली. राज्याची नावीन्यता सोसायटी, जिल्हा प्रशासन, टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर, आणि हो, कुंभथॉनच्याच कामातून उभी राहिलेली संस्था, असे सगळे त्यात होते. विलगीकरणातल्या माणसानं घरातून सेल्फी पाठवायचा. फोनभोवती एक अदृश्य कुंपण. फोन त्या हद्दीबाहेर गेला की यंत्रणेला सूचना.

हे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. त्या आठवड्यांत सगळेच घाबरलेले होते आणि ही मंडळी हातावर हात ठेवून बसली नाहीत. टीका आराखड्यावर आहे. त्याच वेळी अमेरिकेत रासकर आणि त्यांचे सहकारी 'सेफ पाथ्स' नावाचं दुसरं साधन उभारत होते. त्यात तुम्ही कुठं कुठं गेलात याची नोंद तुमच्याच फोनमध्ये राहणार, तुम्ही स्वतः दिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, अशी कल्पना. म्हणजे एकाच साथीला, एकाच कुंभथॉनच्या परिवारातून, दोन उत्तरं निघाली. एकात फोन शिपाई झाला, दुसऱ्यात फोन मालकाचीच डायरी राहिला. तेव्हा 'तंत्रज्ञानच तसं आहे, दुसरा इलाज नव्हता' हे म्हणणं टिकत नाही. दुसरा इलाज होता, नाशिकच्याच माणसाच्या हातचा होता.

नोंद एकदा जमली की काय होतं, हेही त्याच महिन्यात दिसलं. कर्नाटकात विलगीकरणातल्या लोकांचे घरचे पत्ते असलेल्या याद्या सरकारनंच प्रसिद्ध केल्या आणि त्या व्हॉट्सॅपवर फिरल्या. कुणी संगणक फोडून चोरी केली नव्हती. आरोग्य सेतूच्या बाबतीत निदान मे २०२० मध्ये एक नियमावली आली, तिच्यात माहिती साधारणपणे १८० दिवसांच्या पुढं ठेवू नये असं लिहिलेलं होतं. पण ती आली अॅप कोट्यवधी फोनांत गेल्यावर. पुसण्याची तारीख अॅपच्या आधी ठरायला हवी.

घंटागाडी आणि घड्याळ

कुंभ बारा वर्षांनी येतो. रोजचं उदाहरण घेऊ. नाशिकच्या घंटागाड्यांवर जीपीएस आहे. जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या सिटीलिंकच्या बसही फोनवर दिसतात. बस निमाणीहून निघाली का, हे थांब्यावरच्या माणसाला कळतं. याला आमची काहीच हरकत नाही. गाडी सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, तिचा माग सगळ्यांना दिसावा. गाडी गल्लीत आलीच नाही आणि बिल मात्र निघालं, असं होऊ नये म्हणून हे हवंच.

आता नागपूरला चला. तिथं महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. नेमून दिलेल्या हद्दीत किती वेळ होता, यावर हजेरी आणि पगार. चंदीगड, पंचकुला, नवी मुंबई इथंही असेच प्रयोग झाले. चंदीगडकडच्या कामगारांनी विरोध केला. घड्याळात कॅमेरा, माइक असेल या धास्तीनं तिथल्या काही बायांना शौचालयात जायचंही अवघड वाटायचं, असं बातम्यांत आलं. तसा कॅमेरा होता का नव्हता, ही पुढची गोष्ट. आपल्या अंगावरची वस्तू काय बघते हे त्या बाईला माहीत नाही आणि ती काढून ठेवायची सोय नाही, इथंच सगळं आलं.

घंटागाडीचा जीपीएस आणि घड्याळाचा जीपीएस, यंत्र जवळजवळ एकच. एकातून नागरिक व्यवस्थेकडे बघतो. दुसऱ्यातून व्यवस्था सगळ्यात खालच्या माणसाकडे बघते. मुकादम, कंत्राटदार, अभियंता यांच्या मनगटावर घड्याळ बांधा असं कुठल्याही महापालिकेत कुणी सुचवल्याचं आमच्या वाचनात नाही. स्मार्ट शहराची परीक्षा घ्यायची असेल तर हा प्रश्न पुरेसा आहे : घड्याळ कुणाच्या हातावर आहे?

जॅमर : वैतागाचं हत्यार

इथवर आलो की तरुण मुलं हमखास विचारतात, मग जॅमर लावला तर? इंटरनेटवर मिळतो म्हणे.

आधी तो काय करतो ते समजून घेऊ. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. जॅमर त्याच लहरींवर नुसता गोंगाट करतो. कीर्तन चाललेलं असताना शेजारी डीजे लावावा तसं. बुवा गप्प झालेले नसतात, आपल्याला ऐकू येत नाही. सिग्नल क्षीण असल्यामुळे गाडीच्या लायटरमध्ये बसेल एवढं यंत्रही पुरतं.

आणि गोंगाटाला भिंत नसते. २०१२ मध्ये अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ एका पिकअप चालकानं मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून असं यंत्र गाडीत लावलं. विमानतळावर विमानं उतरवण्याच्या नव्या जीपीएस यंत्रणेत त्यामुळे अडथळा यायला लागला. त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावला गेला. त्या चालकाची बाजू आम्हाला कळते. दिवसभर मालक खांद्यावर बसलाय, ही भावना खोटी नाही. पण त्याच्या रागाची किंमत आकाशातल्या प्रवाशांनी मोजावी, हे पटण्यासारखं नाही. मेळ्याच्या गर्दीत फोनचा जॅमर लागला तर १०८ ला फोन लागणार नाही, हरवलेल्या मुलाचा फोन लागणार नाही.

कायद्याचंही स्पष्ट आहे. दूरसंचार विभागानं जुलै २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की जॅमर, जीपीएस ब्लॉकर खाजगी व्यक्तीला विकत घेता येत नाही, वापरता येत नाही, त्याची विक्रीही बेकायदा. परवानगी फक्त सरकारी यंत्रणांना, कारागृहं, परीक्षा, सुरक्षा अशा कामांपुरती.

पण आमची टीका इथं थांबत नाही. जॅमर लावायचा मोह फक्त मालकाला कंटाळलेल्या ड्रायव्हरला होत नाही, सरकारलाही होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावातल्या घटनेनंतर जिल्हा पेटला, तेव्हा आपल्याकडे मोबाईल इंटरनेट बंद केलं गेलं होतं. तांत्रिकदृष्ट्या ते जॅमिंग नव्हे, तो नळ कंपनीकडूनच बंद केला होता. परिणाम मात्र तोच. अफवा पसरवणारा आणि 'घरी सुखरूप आहे' असं कळवणारा, दोघांचाही आवाज एकदम बंद. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, ते तात्पुरते आणि प्रमाणात असावे लागतील. म्हणजे जॅमर नागरिकाचा असो की सरकारचा, तो विश्वास संपल्याची खूण आहे. नागरिकाला वाटतं, नियम मला वाचवणार नाही. सरकारला वाटतं, लोक शहाण्यासारखे वागणार नाहीत. आणि दोघंही तिसऱ्याचाच सिग्नल तोडतात.

मग मागायचं काय?

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आम्ही आज जे बोललो ते याच तिसऱ्या कसोटीचं गावठी भाषांतर आहे. गर्दी मोजायला चटई पुरत असेल तर फोन मागू नका.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिने दिले, म्हणजे मे २०२७. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला, पुढची ३१ ऑगस्टला आणि ११ सप्टेंबरला, त्र्यंबकला १२ ला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. यंत्रं विकत घेतली जातील, बसवली जातील, करार होतील, ते सगळं बंधनं लागू होण्याच्या आधी. शिवाय कायद्याच्या १७ व्या कलमात केंद्र सरकार काही सरकारी यंत्रणांना सूट देऊ शकतं. तेव्हा कायदा येईल आणि बघून घेईल, असं म्हणून बसता येणार नाही.

नाशिक २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम एक किलोमीटरचा स्मार्ट रोड व्हायला किती काळ लागला हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तो खोदलेला दिसत होता म्हणून आपण सगळे बोललो. नोंदींचं खोदकाम दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. ते बोलावं यासाठी चार साध्या मागण्या आम्ही मांडतो.

पहिली, सिंहस्थासाठी घेतलेलं प्रत्येक यंत्र मोजतं का माग काढतं, हे निविदेतच लिहा. दुसरी, जी नोंद ठेवाल तिची पुसण्याची तारीख आधी जाहीर करा, आणि पुसल्यावर तसं कळवा. तिसरी, माग काढायचाच असेल तर तो मागणाऱ्याचा काढा, आणि नको म्हणणाऱ्याला घाटावर जायला दुसरी वाट ठेवा. चौथी, मेळा संपला की यंत्रं तशीच शहरात राहून जातात. ती राहणार असतील तर कुणाच्या ताब्यात, कोणत्या कामासाठी, हे महासभेत मांडा. मेळा जातो आणि कठडे काढले जातात, तसे हे कठडेही काढता आले पाहिजेत.

यातलं काहीही महाग नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी गावातल्या पोरांनी चटईत ते करून दाखवलं होतं.



प्रश्नोत्तरांतून

*लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?*

आपण घराला दार लावतो ते घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. दवाखान्यात कुणाकडे गेलो, वकिलाकडे का गेलो, सासर सोडून माहेरी कधी आलो, संघटनेच्या बैठकीला गेलो का, या गोष्टी गुन्हा नाहीत आणि सगळ्यांना सांगायच्याही नाहीत. आणि घाबरण्याचा प्रश्न आमच्यापेक्षा त्या घड्याळ बांधलेल्या बाईला विचारा. तिनं काहीही लपवलेलं नव्हतं.

*गूगलला आपण सगळं देतोच. मग महापालिकेनंच काय पाप केलं?*

गूगललाही कमी द्यावं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करता येतं, ते आज घरी जाऊन करा. पण गूगल तुमची हजेरी कापत नाही आणि तुमच्या दारात पोलीस पाठवत नाही. महापालिका आणि पोलीस यांच्या हातात तशी सत्ता आहे. शिवाय महापालिका आपली आहे, तिला आपण जाब विचारू शकतो. म्हणून तर इथं विचारतोय.